दत्ताला न पिता चढायची

११ मे, रवि.
आमच्या बैठकीतल्या बाप्पूच्या पुतण्याची हळद, कुरुळीत. दत्ताची आज पहिली परीक्षा. दारू सोडून सतरा दिवस झालेत गड्याला. शोभावहिनींसमोर पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय, पण मित्रांत सांगायचं नाही म्हणतो. "सांगितलं की बसायला बोलवायचे बंद व्हतील. मग मी संध्याकाळी करू काय, भिंतीशी बोलू?"
मी कुठल्या तोंडाने समजावणार? दोन वर्षं झाली सोडून, मीही मित्रांत कुणाला सांगितलेलं नाही. म्हटलं, माझ्यासारखं कर. सोड्यात दोन बोटं काळं कोल्ड्रिंक, रंग अगदी तोच येतो. पहिला ग्लास आपला आपण भरायचा, रिकामा होऊ द्यायचा नाही. तासाभराने आवाज जरा जड करायचा, बास.
बास कसलं! पाऊण तासात बाप्पूच्या गळ्यात पडून रडला. नंतर नवरदेवाच्या आत्याबरोबर नाचला. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन हसलो.

१२ मे
कंपनीच्या बसमध्ये दत्ताने मला विचारलं, "लातूरकर, किती मार्क?" दहापैकी आठ दिले. रडण्याचे दोन कापले, फार झालं होतं.
म्हणाला, "इतकी वर्षं मटन खातोय, चव काल कळली राव. मीठ जास्त व्हतं."

१ जून, रवि.
बाप्पूचा वाढदिवस, त्याच्या मळ्यात. आज दत्ता खुर्चीवरून पडला. मुद्दाम! अर्ध्या लोकांनी मोबाईलवर शूटिंग केलं. उचलायला गेलो तर कानात म्हणतो, "कंबर खरंच लागली." नऊ मार्क.
परतताना गाडी तोच चालवत होता, झकास. मी म्हटलं, बाप्पूला तरी सांगून टाकू. तो काय खाणार नाही आपल्याला.
"खाणार न्हाई. मधी बसवून चेष्टा करंल. आणि दुसऱ्या खेपेला बोलवायचं इसरंल. तुला म्हाईत हाय की."
माहीत आहे. दारू सोडलेल्या एकाला तसंच वाळीत टाकल्यासारखं केलं होतं आम्ही. तेव्हा मीही हसलो होतो.
पण खरं सांगायचं तर इतकी मजा पिताना कधी आली नाही. सगळं आठवतं सकाळी. कोण काय बोललं, कोण कुणाला लागेल असं बोललं, सगळं.

१९ जुलै, शनि.
उद्या आखाड. श्रावणाआधीचा शेवटचा रविवार, बाप्पूच्या मळ्यात दुपारपासून. मला ओव्हरटाइम लागला. दत्ता वैतागला. "तू न्हाईस तर मी सोंग कुनासाठी करू? न्हाई जात मग."
मीच म्हटलं, जा रे. आता तू माझ्यापेक्षा तयार झालास.

२१ जुलै, सोम.
दत्ता गेला.
काल साडेपाचला, मळ्यातून घरी येताना. पाऊस. वळणावर गाडी घसरली, मागून कंटेनर.
मी तेव्हा कंपनीत लाइनवर होतो.

२३ जुलै
त्याच्या ओट्यावर बसलो होतो सगळे. येईल त्याला बाप्पू तेच सांगतोय. "लई चढली व्हती त्याला. मी चावी काढून घ्याया लागलो तर पळाला." बाकीचे माना हलवतात. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय की, झोकांड्या खाताना, बाप्पूच्या गळ्यात पडताना.
शोभावहिनी आत होत्या, दार उघडं होतं. माझी बायको सुनीता त्यांच्याजवळ होती. घरी येताना सांगत होती, वहिनी रडत नाहीत. एकदाच बोलल्या, "पोरीच्या डोक्यावर हात ठेवला व्हता हो त्यांनी."
मी तिथेच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. दत्ताचं सांगायचं तर माझंही सांगावं लागलं असतं. मयताच्या दारात बसून मला माझ्या न पिण्याची लाज वाटत होती! शरम वाटली पाहिजे, शरम.

२५ जुलै
बाप्पूला एकट्याला गाठून सांगितलं. एप्रिलपासून दत्ता पीत नव्हता, ते सगळं नाटक होतं.
बाप्पू खाली बसला. मग म्हणाला, "आरं पन रविवारी एक ग्लास मी भरला त्याचा. माझ्या हातानं."
प्यायला का?
"हातात व्हता. प्याला असंल. आता कोन बघतंय?"
पहिला ग्लास आपला आपण भरायचा, हे शिकवलं होतं मी. दुसऱ्याने भरून दिला तर काय करायचं, ते नव्हतं शिकवलं. माझ्या हातात कुणी दिला तर मी तो दत्ताकडे सरकवायचो, तो माझ्याकडे, आणि दोघांतला एकजण मोरीकडे जायचा. दोघं होतो म्हणून जमायचं. रविवारी तो एकटा होता.

२९ जुलै, मंगळ.
दहावा, नदीवर. पिंड ठेवला, तासभर कावळा शिवेना. सगळे हात जोडून सांगत होते. भाऊ म्हणाला, पोरीला शिकवतो. सासरा म्हणाला, शोभाला अंतर देत नाही. झाडावर पाच-सहा बसलेले, एक खाली उतरेना.
मग बाप्पूने खिशातून क्वार्टर काढली आणि पिंडाशेजारी ठेवली. "घे गड्या. नाराज होऊन जाऊ नगंस." रडत होता. माझं सांगणं त्याला पटलं नव्हतं, पण मनापासून ठेवली त्याने, हे मला दिसत होतं.
वहिनी बायकांत उभ्या होत्या. बाटली पाहिली आणि पदर तोंडात धरला.
मी पुढे होऊन ती उचलली. का उचलली म्हणून कल्ला झाला. सासरा अंगावर आला, "त्याची विच्छा ऱ्हाईली म्हंजे?" मी इतकंच म्हणालो, त्याची इच्छा ही नव्हती.
कावळा तरीही शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून लावला. लोक म्हणाले, बाटली उचलली म्हणून.

१० ऑग., रवि.
सुनीताला सगळं सांगितलं. सोंगाचंही. तिला वाटायचं मी बैठकीत पाणी पीत बसतो. म्हणाली, "त्या बाईला काय वाटत असेल रोज? आजच्या आज जा."
गेलो. दत्ताची पोरगी श्रावणी अंगणात अभ्यास करत होती, तिला आत पाठवलं. वहिनींना पहिल्या हळदीपासून सांगितलं. मार्कांचं सांगताना त्यांच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं, लगेच गेलं.
"त्या रविवारी तुमी व्हता तिथं?"
नव्हतो.
"मग?"
मी अंगणात राहिलेल्या श्रावणीच्या वहीकडे बघितलं.
"भावजी, तुमी दोगं सोंगाडे. चार मानसं फसली तुमाला. आता हे जे सांगताय, ते माज्या समाधानासाठीचं सोंग न्हवं कशावरून?"
मी म्हणालो, वहिनी, तो प्यायला नाही. शपथ मोडली नाही त्याने.
ठाम आवाजात म्हणालो. सवय आहे ना आवाजाची.
पोलिसांनी रक्त तपासायला पाठवलंय. रिपोर्टला वेळ लागतो म्हणाल्या.

२४ ऑग., रवि.
बाप्पूने बोलावलं, दत्ता गेल्यानंतर पहिल्यांदाच सगळे बसले. जायचं नव्हतं, गेलो. ग्लास पुढे आला तसा पालथा घातला आणि सांगून टाकलं. दोन वर्षं पीत नाही. दत्ताही पीत नव्हता.
कुणी हसलं नाही. बाप्पू उठला, पाण्याची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली, शेजारी शेंगदाणे. "बस," म्हणाला. थोड्या वेळाने गप्पा परत सुरू झाल्या. दत्ताच्या खुर्चीवरून पडण्याचा विषय निघाला, सगळे हसले, मग एकेकाने ग्लास खाली ठेवला.
एवढंच होतं? एका ग्लासाला नाही म्हणण्याएवढंच? एवढ्याला घाबरून सोंग काढलं आम्ही, आणि त्या सोंगाने दत्ताला मेल्यावरही बेवडा ठरवलं.
निघताना बाप्पू हळूच म्हणाला, "तो ग्लास सांडला व्हता का रं त्यानं? लई आठवतो मी. मीच शुद्धीत नव्हतो."

१८ सप्टें., गुरु.
वहिनींचा फोन. रिपोर्ट आलाय, चौकीवरून निरोप आला. म्हटलं, मी येतो बरोबर, सोमवारी सुट्टी टाकतो.
"न्हाई. मी जायची न्हाई आनायला. तुमी सांगितलं ना, प्याले न्हाईत म्हनून. श्रावणीला तेच सांगितलंय. शाळेत पोरं चिडवत व्हती, तिनं बी ठासून सांगितलं."
मी म्हणालो, बरं.
फोन ठेवल्यावर सुनीताने विचारलं, "तुम्हाला खात्री आहे ना?" मी तिला हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

१९ सप्टें.
चौकी कंपनीच्या रस्त्यावरच आहे. तिथले सगळे मला ओळखतात, विचारलं तर रिपोर्टमधलं सांगतील. आज बस सोडून गाडीवर गेलो आणि मागच्या रस्त्याने गेलो. चार किलोमीटर लांब पडतो. खड्डेही फार आहेत.