लाल चिंध्या

अस्मिता,

तू सक्करदऱ्याले फिरायले गेली आणि फोन इथंच चार्जिंगले ठेवला, म्हणून लिहून राहिलो. बाबा सकाळीच कन्हानले निघून गेले, एकटेच. नदीकाठच्या त्याच जंगलात, जिथं काल आपण तिघं गेलो होतो. मी त्यांच्या मागं जाऊन राहिलो.

काल तू सगळ्यात मागं कचरा वेचत चालली होती. तुझी पिशवी आता ओट्याखाली पाहिली. चिप्सच्या पाकिटांसोबत लाल कापडाच्या चिंध्या आहेत. तो कचरा नव्हता वं. झाडाझाडाले मीच बांधल्या होत्या. बाबा त्या पाहत पाहत नदीवर जातात आणि परत येतात.

तू म्हणशील, खाणीत होते तेव्हापासून तीस वर्षं ज्या वाटेनं फिरले, तिथं खुणा काहून लागतात? तू पुण्याहून फोन केला की तेच सांगायचं असायचं. पण दर वेळी 'बाबा मजेत आहेत' म्हणून ठेवून द्यायचो. काल त्यांचा दिवस चांगला होता, तुझ्या लक्षात कसं येणार? चूक माझीच आहे.

तू घरीच थांब. दाराले कुलूप लावू नको, त्यांच्याजवळ चावी नाही. दुधाखालचा गॅस बंद केला की नाही आठवत नाही, पाहून घे.

आणि बाबा माझ्याआधी आले, दारात उभं राहून तुलेच 'कोण पाहिजे?' म्हणाले, तर रडू नको. नाव सांग आणि चहा ठेव.

प्रज्वल