पाहुणचाराची ओळ

प्रिय बाबा,

काल दादाचा फोन आला होता. तुम्ही आता खोलीबाहेर येतच नाही म्हणाला. जेवायला हाक मारली की भूक नाही, फिरायला चला म्हटलं की माझं आता कुठे काय अडलंय! आई गेल्यापासून तुमचं हेच चाललंय, आणि मला फोनवर मात्र सगळं ठणठणीत. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. पत्रात तुम्हाला मध्येच विषय बदलता येत नाही.

बातमी चांगली आहे. मी तयार केलेल्या गव्हाच्या वाणाला मंजुरी मिळाली. बुटका आहे, वाऱ्यात लोळत नाही. लहानपणी शाळेत सगळे मला बुटकी म्हणून चिडवायचे, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की बुटकाच गहू शेवटपर्यंत उभा राहतो. तेव्हा काडीचंही समाधान झालं नव्हतं, पण परवा मंजुरीच्या बैठकीत तेच आठवून हसू आलं.

बैठकीत मला एकच अवघड प्रश्न विचारला गेला. याच्यावर तांबेरा रोग पडत नाही हे कशावरून? यंदा तांबेरा फिरकलाच नसेल तर? मी फोटो पुढे केला. त्यात माझा गहू हिरवागार उभा आहे आणि त्याला खेटून असलेली ओळ मुळापासून ओंबीपर्यंत तांबडी झाली आहे. फोटो पाहिला आणि मंजुरीवर सह्या झाल्या. बाबा, ती ओळ तुमच्या गव्हाची होती.

तुम्हाला हे ठाऊक असणार. इतकी वर्षं मी कधी बोलले नाही, तुम्हीही विचारलं नाहीत. तुम्ही तयार केलेला गहू गावोगाव पोचला होता, आणि मग एका हंगामात नव्या जातीचा तांबेरा आला आणि शेतंच्या शेतं गेली. तुम्ही शेतांतून फिरून आलात तेव्हा तांबेऱ्याच्या भुकटीनं तुमची पँट गुडघ्यापर्यंत तांबडी झाली होती. आई ती अंगणात झटकत राहिली, झटकत राहिली. त्यानंतर तुम्ही बियाण्याच्या गोदामात बदली मागून घेतलीत आणि निवृत्त होईपर्यंत गव्हाच्या रानात पाऊल टाकलं नाहीत.

मी इथे संशोधन केंद्रात लागले तेव्हा साहेबांनी मान खाली घालून माझ्या हातात तुमच्याच गव्हाची पिशवी दिली. नव्या वाणांच्या मधोमध रोगाला लगेच बळी पडणाऱ्या गव्हाची एक ओळ लावायची, तिच्यावर मुद्दाम तांबेरा सोडायचा, म्हणजे तो शेजाऱ्यांपर्यंत पोचतो. आमचे मुकादम तिला पाहुणचाराची ओळ म्हणतात. आल्यागेल्या रोगाला नाही म्हणत नाही, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या वर्षी मी ती पेरताना रडले होते. पण ज्या वर्षी ती ओळ हिरवी राहते, ते आमचं वर्ष वाया जातं हे हळूहळू कळत गेलं. ती आजारी पडली तरच कोण धडधाकट ते ठरतं. इथून बाहेर पडलेला एकूण एक गहू तुमच्या गव्हाच्या शेजारी उभा राहून पास झालाय, बाबा. माझाही.

आता वाईट बातमी. पुढच्या हंगामापासून त्या ओळीत दुसरा गहू येणार आहे. तो तुमच्यापेक्षाही लवकर आजारी पडतो म्हणे. हे ऐकून मला इतका राग आला, की मुकादम म्हणाले, ताई, पाहुणचार दुसऱ्यानं केला म्हणून कुणी एवढं रुसतं का!

त्यांनी मळणीतून तुमच्या गव्हाचं थोडं बी बाजूला काढलं, ते सोबत पाठवते आहे. दादाला गॅलरीत कुंड्या भरून ठेवायला सांगितलंय. थंडी पडायला लागली आहे, लगेच पेरा. तुमच्या नवव्या मजल्यावर आसपास दुसरा गहू नाही, त्यामुळे तिथे त्याच्याकडे कुणी आजार मागणार नाही. पाणी मात्र रोज, सकाळी, तुम्हीच घालायचं. दादाच्या हातून तर निवडुंगसुद्धा वाळतो. इथल्या शीतगृहात तुमचं बी जपून ठेवलेलं आहे, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. गहू वाचावा म्हणून मी हे पाठवत नाहीये. तुम्ही सकाळी उठायला हवे आहात मला, बाबा.

तुमचीच,
बुटकी