रुंद पट्टीचा बर्नर

साळिग्राम, जि. उडुपी
१६ सप्टेंबर २००७

चि. गुरुराज यास वासुदेव उराळचे आशीर्वाद वि. वि.

सुपारी सोलायचं यंत्र, गिरणीच्या दोन्ही मोटारींचं वाइंडिंग, गोबरगॅसची टाकी, माडाच्या खोडावर उभारलेला अँटेना, तुझ्या लग्नात वाजलेला ॲम्प्लिफायर आणि प्लायवूडच्या पेटीत बसवलेला हा कॉम्प्युटर, एवढं मी या दोन हातांनी केलं. त्यातल्या एकासाठीही कुणा इंजिनिअरचं तोंड पाहिलं नाही. आज तुला विचारतोय ते इंजिनिअर म्हणून नव्हे. सुट्या भागांचा बाजार तुझ्या ऑफिसजवळ आहे, म्हणून. तेव्हा फुगू नकोस.

विषय असा. गावोगाव खेळ करणाऱ्या मेळाबरोबर रात्र रात्र हिंडून तुझ्या अप्पांचं यक्षगानातलं गाणं मी ज्या कॅसेटींवर धरून ठेवलं, त्यांना यंदाच्या पावसात बुरशी लागली आहे. पुसून, वाळवून त्या एकदा वाजतील. दुसऱ्यांदा वाजतील असं मी म्हणणार नाही. म्हणजे एकदाच वाजवायच्या, कॉम्प्युटरमध्ये घ्यायच्या आणि सीडीवर उतरवायच्या. कार्तिकात अप्पांच्या नावाचा कार्यक्रम आहे, त्यात हे गाणं सभागृहात ऐकवायचं ठरलंय. समितीचे हंदे मास्तर म्हणत होते, कॅसेटी मंगळूरच्या स्टुडिओत देऊ या. मी म्हटलं, मास्तर, मी मेल्यावर द्या.

तर सीडी लिहिणारा बर्नर पाहा. पेटीच्या आत बसणारा हवा. बाहेर लोंबणारा नको, घरात मांजर आहे. जोडणी जुन्या, रुंद पट्टीसारख्या वायरीची. लिहिताना मशीन मध्येच अडखळलं तरी सीडी फुकट जाऊ नये, अशी सोय असलेला. तोंड पांढरं, कारण पेटीही पांढरी रंगवली आहे. वेगाचं मला सांगू नकोस. अप्पांना शर्यतीत पळवायचं नाही.

शारदा बरी आहे. लोभ ठेव, सल्ला मागितला तेवढाच दे.

वासुदेव


बंगळूर, २५ सप्टेंबर

ती. भावोजींस सा. न. वि. वि.

पत्र पावलं. फोनवर दोन मिनिटांत झालं असतं, पण फोनवर आपल्याला परिच्छेद पाडता येत नाहीत, हे अक्कानं मला समजावून सांगितलं आहे.

शनिवारी बाजारात गेलो. दुकानदाराला रुंद पट्टीचा बर्नर मागितला, तर त्यानं विचारलं की आजोबांसाठी हवा का. मी म्हटलं, भावोजींसाठी. तो म्हणाला, एकच झालं. त्याच्या मते रुंद पट्टी आता भंगारात शोधायची वस्तू आहे. म्हणून मी नवाच घेतला. बारीक वायरचा, काळा, वेगात सगळ्यांच्या पुढचा. रात्रीच्या बसनं पाठवतोय. त्याला जोडण्यासाठी पेटीतलं मुख्य कार्ड बदलावं लागेल, मग प्रोसेसर, मग मेमरी. थोडक्यात प्लायवूड तेवढं जुनं ठेवता येईल.

नाहीतर भावोजी, कॅसेटी सरळ माझ्याकडे पाठवा. इथं चांगले स्टुडिओ आहेत, खर्च मी करीन. अप्पा माझेही होते, याची आठवण देण्याची वेळ आपण माझ्यावर का आणता?

एक सूचना न मागता देतो. सीडी लिहून झाली की प्रोग्राम विचारतो, सीडी कायमची बंद करू का? तेव्हा होय म्हणा. न विसरता.

अक्काला नमस्कार. राग आला तर पत्रातच काढा, बसच्या पार्सलवर काढू नका.

आपला
गुरुराज


साळिग्राम, ४ ऑक्टोबर

चि. गुरुराज यास आशीर्वाद.

तुझा बर्नर पोचला. देखणा आहे. शारदानं दोन दिवस टीव्हीवर ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्यांना दाखवला. आता आलेल्याच बसनं परत येतोय. तू मध्यस्थ झालास, मुलगा फर्डा पाहिलास आणि मुलीचं घर कुठल्या गावात आहे तेवढं विचारायला विसरलास. आणि वर म्हणतोस, घरच हलवा.

मी उडुपीला गेलो. बसस्टँडमागे शेणै नावाचा जुन्या कॉम्प्युटरांचा व्यापारी आहे. त्याच्या माळ्यावरून तीन बर्नर खाली काढायला लावले. पहिल्याचा ट्रे बाहेर येऊन जीभ काढल्यासारखा तसाच राहिला. दुसरा फूटपट्टीनं मोजला तर माझ्या पेटीच्या पाठीला टेकत होता. शेणै म्हणाला, उराळरे, मुलगी बघायलाही लोक इतका वेळ लावत नाहीत. तिसरा घेतला. रुंद पट्टी, तोंड पांढरं होतं ते आता दुधाच्या सायीसारखं झालंय, पण जागा बरोबर. मागे एक बारकी टोपी असते. दोन यंत्रांतलं थोरलं कोण आणि धाकटं कोण ते तिनं ठरवायचं. दोघांनाही थोरलं केलं तर मशीन कुणाचंच ऐकत नाही. आपल्या घराण्यात हे वेगळं सांगायला नको.

कॅसेटी सगळ्या वाजल्या. दोन तर शेवटचं पद संपताच तुटल्या, जणू तेवढ्यासाठीच थांबल्या होत्या. सीड्या लिहिल्या, घरी वाजवल्या, चंडेचा ठोका छातीत बसतो. मशीनमध्ये जागा कमी म्हणून लिहून झालेलं तिथून पुसत गेलो. आता अप्पा आहेत ते सीडीवर.

तुझं ते बंद करणं मी केलेलं नाही. प्रत्येक सीडीवर थोडी जागा उरते. पैसे मोजून घेतलेली जागा मी रिकामी ठेवून झाकण लावीन? लोणच्याची बरणी अर्धी असताना कुणी मेण ओतून सील करतं का? ही पगारदाराची बुद्धी. पुढे कुणाकडे अप्पांचं आणखी काही सापडलं तर तिथंच चढवीन.

लोभ आहेच, त्याला नवी वायर लागत नाही.

वासुदेव


साळिग्राम, १९ नोव्हेंबर

चि. गुरूस अक्काचे आशीर्वाद.

तुला रजा मिळाली नाही ते एका अर्थी बरं झालं. काल कार्यक्रम होता. सभागृह भरलेलं, अप्पांच्या फोटोला हार, जुने चंडेवाले पुढच्या रांगेत. हंदे मास्तरांनी भाषण संपवून प्लेयरमध्ये सीडी घातली. प्लेयर म्हणाला, सीडी नाही. दुसरी घातली, तीही नाही. तुझे भावोजी माईकवर म्हणाले की प्लेयर अडाणी आहे. दुसरा प्लेयर आणला. तोही अडाणी निघाला.

कॅसेटी संपल्या, मशीनमधलं पुसलेलं, आणि इथं सगळ्या सीड्या कोऱ्या म्हणतायत. अप्पा दुसऱ्यांदा गेले असंच वाटलं. मग मात्र मी बायकांच्या रांगेतून उठले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, माझे अप्पा पहाटे खेळ संपवणारं मंगळाचं पद म्हटल्याशिवाय कधी रंगस्थळावरून उठले नाहीत, मग समोर एक कुत्रं का उरलेलं असेना. त्यांची सीडी तुम्ही मंगळाशिवाय पाठवलीत. गुरूनं लिहिलं होतं, शेवटाला बंद करा म्हणून. तुम्हाला लोणचं आठवलं.

ते माईक ठेवून खाली उतरले. रिक्षात बसून निघून गेले. हंदे मास्तर मला म्हणाले, बाई, जरा फार झालं. मलाही तसंच वाटलं. पण अर्ध्या तासानं तीच रिक्षा परत आली. पेटी मांडीवर, टीव्हीसारखा पडदा चादरीत गुंडाळून पायाशी. एकही माणूस उठला नव्हता रे. यांनी फोटोशेजारी सगळं मांडलं, वायरी जोडल्या, त्याच सायीच्या रंगाच्या बर्नरात सीडी घातली. बंद न केलेली सीडी लिहिणाऱ्या यंत्रालाच कळते म्हणे. ज्यानं लिहिलं होतं त्याला वाचता आलं. अप्पा गायले.

मी रडले का, हे विचारू नकोस. तू तब्येतीला जप, बाहेरचं खाऊ नकोस. माया असू दे, आणि भावोजींना यावरून चिडवू नकोस. निदान पहिल्या पत्रात तरी नको.

तुझी अक्का


साळिग्राम, २ डिसेंबर

चि. गुरुराज यास आशीर्वाद वि. वि.

शारदानं तुला काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही. पाकिटाच्या जाडीवरून कळलं. तर ऐक. सगळ्या सीड्या बंद केल्या. तू सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नव्हतं. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा लिहून मिळणार नाही. सोबत तुझा संच पाठवतोय, तुझ्या कुठल्याही काळ्या, बारीक वायरीच्या यंत्रात वाजेल.

आता तिसऱ्या सीडीवरचा भीष्मार्जुनाचा प्रसंग ऐक. ऐन रंगात आलेलं पद मध्येच तोडून अप्पा म्हणतात, अरे ए गिरणीवाल्या, हा माईक माझ्या नाकात घालणार आहेस का. सगळं मैदान हसतं, चंडेवाला हसतो, आणि अप्पा जिथं सोडलं त्याच स्वरावरून पुढे जातात. सभागृहातही तेवढाच हशा पिकला. जावई म्हणून ते माझ्याशी मोजकंच बोलत. त्यातलं हे एक.

परवा मंगळूरचा एक कॅसेटवाला घरी आला. कॉफी प्याला, पेटी न्याहाळली, हे घरीच केलं का असं ज्या स्वरात विचारतात त्या स्वरात विचारलं. त्याला हे सगळं गाणं विकत घ्यायचंय, कव्हरावर अप्पांचा रंगीत फोटो, माझं नाव मागच्या बाजूला. अट एकच. ते नाकाचं वाक्य कापायचं, म्हणजे गाणं स्वच्छ होईल. मी म्हटलं, स्वच्छच आहे, मीच घेतलंय. तो म्हणाला, लोक हसतील. मी म्हटलं, हसलेच की, तेही त्यात आहे. शारदाला विचारलं, तर ती म्हणाली, अप्पांच्या नाकाला एवढा भाव पुन्हा यायचा नाही, पण कापू नका.

तुझा लोभ आहे तसा राहू दे, मीही आहे तसाच राहणार.

वासुदेव

ता. क. आकडा तू विचारशीलच. ते एक वाक्य काढून द्यायचे तो चाळीस हजार देत होता. नको म्हणालो.