पिंडाजवळ मी उभी होते

बाई, काका गेले. झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुमच्या नवऱ्याची बातमी तुम्हाला मी काय द्यायची. पण मला सांगायचंय ते त्यांच्या दहाव्याचं आणि तुमच्या लेकीचं. दुसऱ्या कोणाला सांगायची लाज वाटते.

आधी तुमचं स्वयंपाकघरच आठवतं. शिवाजी पार्कजवळचा तो दुसरा मजला, ओट्यासमोरची खिडकी, बाहेर बदामाचं झाड. मी एम. एस्सी.ला होते, नायगावच्या चाळीतून चालत तुमच्याकडे यायचे आणि तुम्ही पोळ्या लाटता लाटता माझी निरीक्षणं ऐकायचात. एक दिवस मी वाचते, ‘कावळा रागावून फांदीवर जाऊन बसला’, आणि तुमचं लाटणं थांबतं. "रागावून? तुला येऊन सांगितलं त्याने?" मी ‘रागावून’ खोडायला घेतलं. "फांदीवर बसला, तेवढं लिही. राग तुझा आहे, तो तुझ्याकडेच ठेव." मी चाळीतली, तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी घरी पोचेपर्यंत माझे कान गरम होते. पुढे जन्मभर मी त्याच वाक्यावर पोट भरलं. काका मात्र तुमचं काही ऐकायचे नाहीत. जेवायला बसण्याआधी खिडकीत गुपचूप घास ठेवायचे. "अहो, माझे पक्षी बिघडवू नका," तुम्ही ओरडायचात. "तुझे पक्षी असतील, माझे पाहुणे आहेत," असं म्हणून ते पानावर बसायचे. अभ्यासातल्या पक्ष्याच्या मध्ये आपण यायचं नाही, हा तुमचा नियम होता, आणि तो त्या घरात फक्त काका मोडायचे.

नंतर मीही मोडला. कावळ्यांना माणसाचा चेहरा लक्षात राहतो का आणि किती दिवस, हे आम्ही सध्या बघतो आहोत. त्यासाठी चौपाटीच्या बाजूला, स्मशानामागच्या कट्ट्यापाशी, जाळं लावून कावळे धरले, पायात रंगीत कडी घातली आणि सोडून दिले. हातात धरायचं काम मी स्वतःकडे घेतलं, विद्यार्थ्यांना चोची बसायला नकोत म्हणून. तेव्हापासून त्या भागात मला उघड्या तोंडाने फिरता येत नाही. एकाने पाहिलं की कोकलायला लागतो आणि मग सगळी जमात गोळा होते, ज्यांना मी कधी हातही लावला नाही तेसुद्धा. म्हणून टोपी आणि मास्क. माझे विद्यार्थी म्हणतात, "मॅडम, त्यांच्यात तुमचं पोस्टर लागलंय." मीही हसते.

काकांचा दहावा त्याच कट्ट्यावर होता. दहाव्याला टोपी-मास्क लावून कसं जायचं? म्हटलं, मागे उभं राहू. पण तुमच्या लेकीने मला पाहिलं आणि हात धरून पुढे नेलं. तिचं तुम्हाला सांगायला हवं. वर्षापूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून एका बॅगेनिशी आली. का, ते तिने काकांना सांगितलं नाही. मला मात्र तुमच्याच ओट्याशी उभं राहून मनगटावरची बांगडी वर सरकवून दाखवलं होतं. मी म्हटलं होतं, "इथेच राहायचं. परत जायचं नाही." काका म्हणायचे, "एकदा बोलून तरी बघा दोघं." बापाचा जीव, दुसरं काही नाही.

पुतण्याने पिंड ठेवला. सगळे मागे सरले. ती तिथेच राहिली, आणि तिने हात धरलेला म्हणून मीही. झाडावर कावळेच कावळे, आणि नुसता कल्ला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. बाई, ते मला शिव्या देत होते असं मी लिहिणार नाही. पिंडाकडे नाही, माझ्याकडे तोंड करून ओरडत होते, एवढं मी पाहिलं. एकही खाली येईना. काकांची बहीण म्हणाली, "जन्मभर घास घातला गं त्याने, आणि त्याच्याच पिंडाला कावळा शिवत नाही. पोरीच्या संसारात जीव अडकलाय त्याचा." सगळे तुमच्या लेकीकडे बघायला लागले. गुरुजी म्हणाले, "कुणाला काही बोलायचं असेल तर बोला. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू, ऊन चढतंय." ती म्हणाली, "नको गुरुजी. थांबूया."

एक वाक्य बोलायचं होतं मला. अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्या आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तुमच्या घरी मला पहिल्यांदा पाहिल्यावर आडनाव विचारणाऱ्या त्याच. आणि त्यांच्यासमोर, त्या पिंडाशेजारी उभं राहून मी म्हणायचं, ‘माझ्यामुळे कावळा येत नाहीये’? पलीकडे चैत्यभूमी, जिथे आई मला कडेवर घेऊन यायची, आणि इथे मी हे बोलायचं? नाही निघाले शब्द. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. न बोलता चार पावलं मागे सरकता आलं असतं. मी सरकले नाही, कारण मला बघायचं होतं. किती वेळ येत नाहीत, कोण आधी ओरडतो, कडी घातलेले किती आहेत. तुमच्या लेकीचा घामाने भिजलेला हात माझ्या हातात होता आणि मी निरीक्षण करत होते.

मग तिने हात सोडवून घेतला आणि दोन्ही हात जोडले. "बाबा, मी परत जाईन. जाईन मी नांदायला," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. तेव्हा कुठे माझे पाय हलले. मी भिंतीआड गेले, आणि लगेच मागून लोक म्हणाले, "शिवला, शिवला." बाहेर येऊन पाहिलं तर आत्याबाईंनी तिला पोटाशी धरलं होतं. काकांच्या समाधानाबद्दल सगळे बोलत होते.

एकदा दिसलं म्हणजे दिसलं नव्हे, हे तुमचंच. मी स्वतःला तेच सांगितलं. तिला काही बोलण्याआधी खात्री नको का करायला? तर ऐका, बाई, मी खात्री कशी केली ते. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्या कट्ट्यावर गेले, उघड्या तोंडाने, आणि कोणाच्या तरी दहाव्यात नातेवाइकासारखी पुढे जाऊन उभी राहिले. एका तरुण मुलाची आई गेली होती. कावळा येईना तसा तो घाबरला. "आई, दारू सोडतो. आई, ताईला सांभाळतो. आई, अजून काय राहिलं गं, सांग ना," असं म्हणत राहिला. मी उभी होते. पुरेसं बघून झाल्यावर भिंतीआड गेले आणि कावळा आला. दुसऱ्या सकाळी दुसऱ्या घरचा दहावा होता. तिथेही तेच झालं. तुमच्या हाताखाली शिकलेली मी, इतक्या नीटसपणे काम केलं की तुम्हाला त्यात एक चूक काढता आली नसती. त्या पोराचा चेहरा आठवला की मला आरशात बघवत नाही.

खात्री झाली, तरी तिच्याकडे गेले नाही. तिला काय सांगू? की बाबा नाराज नव्हते, कावळे माझ्यावर खवळले होते? मग ती विचारेल, तुम्हाला तिथेच कळलं होतं का. त्यावर माझ्याकडे उत्तर आहे, आणि तेच तर द्यायचं नाहीये.

ती रविवारी निघणार आहे. काल तिचा फोन आला. आवाजात चिडचिड नव्हती, काहीच नव्हतं. म्हणाली, "मावशी, मी हे असलं काही मानत नव्हते हो. आईने मानूच दिलं नाही. पण तुम्ही पण होतात ना तिथे. तुम्ही तर कावळ्यांतल्याच. तुम्ही स्वतः बघितलंत ना, मी बोलले आणि तो आला?"

मी म्हटलं, "हो, बघितलं."

ही खोटी साक्ष नव्हती, बाई. तुमच्या नियमात बसणारी होती. तो आला, तेवढंच मी सांगितलं.

आता मी परळला राहते, तिथून तुमचं घर फार लांब नाही. आज शुक्रवार आहे. सकाळी चपला घालून खालपर्यंत गेले आणि परत वर आले, आणि हे लिहायला बसले. पत्र लिहायचं होतं ते तिलाच. पण ती वाचेल आणि वाचून मला विचारेल. तुम्ही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.