वाटणीतला चोक

गेवराई

तानाजी,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही.

अण्णांच्या लाल स्पोर्ट्स गाडीचा सकाळचा खोकला आजही माझ्या कानात आहे. अण्णा चोक ओढून गाडी सुरू करायचे आणि इंजिन तापेपर्यंत आपल्या दोघा भावांकडून शाळेतली कविता म्हणून घ्यायचे. पहिलं कडवं माझं, दुसरं तुझं. तुझं संपलं की चोक आत. घड्याळ त्यांनी कधी पाहिलं नाही.

वाटणीत गाडी मला आली, तर तू चोकचं बटण तारेसकट उपटून नेलंस. पंचांसमोर म्हणालास, “हा माझा हिस्सा!” मग मधे भिंत घातलीस. चोकवाचून गाडी सुरूच होईना, आणि तू भिंतीपलीकडे हसत राहिलास.

आता बस रडत. मी स्कूटरची क्लचवायर घातली आणि ओढायला तिच्या टोकाशी तुझा लहानपणचा भोवरा बांधला. तो आता तुला मिळायचा न्हाई! गाडी अंगणात धडधडतेय, मी तिच्यातच बसून लिहितोय. तुला ऐकू जावं म्हणून पहिलं कडवं खणखणीत म्हटलं. दुसरं मात्र काही केल्या आठवेना. इंजिन तापलं तरी चोक तसाच ओढलेला, म्हणून काळा धूर निघतोय. पण तुला विचारणार न्हाई.

तुझा कुणीही नसलेला,
बद्रीनाथ

ता. क. अंगणाचं दार कोण बडवतंय म्हणून मान वर केली, तर तू! काठी टेकत, धापा टाकत ओरडतोयस, “दादा, चोक आत ढकल की! भिंतीपलीकडं माझं कडवं कवाच म्हणून झालंय!”