उपाय अजून सापडलेला नाही

अहो नोंदवहीवाले,

आपला अबोला चालू आहे, म्हणून लिहून ठेवतेय. सकाळी ड्यूटीचा युनिफॉर्म वॉशिंग मशीनमध्ये अडकला आणि दार काही केल्या उघडेना. शेवटी तुमची ती दुरुस्तीच्या उपायांची ऑनलाइन वही उघडली, जिला मी इतकी वर्षं भंगार म्हणत आले. ‘स्विच बंद करा, दोन मिनिटं थांबा, डावीकडे एक बुक्की मारा. करून बघितलं, चालतं.’ खरंच उघडलं की हो!

त्याच्याच खाली दिसलं, ‘बायको रुसली तर: उपाय अजून सापडलेला नाही.’ नोंद अकरा वर्षांपूर्वीची! हसून हसून पोट दुखलं माझं.

उपाय मीच भरून टाकलाय. आधी स्वतःहून बोला. संध्याकाळी सहाला हॉस्पिटलच्या दाराशी घ्यायला या.

करून बघा, चालेल.