सातातले उरलेले दोन

४ मार्च

अवेतला नेलं!

उंची बघायला दाराशी उभं केलं. डोकं वरच्या कडीला लागलं. झालं — "हा पुरुष. पलीकडच्या गोदामात." अरे मेल्या, अकरा वर्षांचा आहे तो! बापाची उंची घेतली हा काय त्याचा गुन्हा? बाप सैन्यातून परत आलाच नाही, तेवढी उंची तरी पोराला देऊन गेला.

मी साबरीचा हात धरला. पहारेकऱ्यांत तोच सगळ्यांत आडदांड. त्याने मला अशी झटकली की खांद्यावर आपटले. अवेत रडला नाही. मागे वळून म्हणाला, "आई, माझी चादर कोणाला देऊ नकोस हं."

दिली नाही. अंगावर घेऊन बसले आहे.

५ मार्च

अकरा. अकरा. अकरा. कुठेतरी लिहिलेलं तरी असू दे.

७ मार्च

झोप नाही. भिंतीला कान लावून पाहते. मधे जनरेटर घरघरतो, त्यापुढे काही म्हणजे काही ऐकू येत नाही. भिंत वाजवली तर साबरी आला आणि सगळ्यांचं पाणी संध्याकाळपर्यंत बंद केलं. बायकांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मुदीरला गाठलं. देश सोडून निघालेल्या आम्हा सगळ्यांना कोंडून ठेवलेल्या या जागेचा मालक म्हणा, राजा म्हणा, तोच. पोट पुढे, हातात मोबाईल. म्हटलं, "माझा मुलगा लहान आहे."

"पलीकडे लहान कोणी नाही. सगळे पुरुष आहेत."

"माझा आहे!"

"मग तो पुरुष आहे," म्हणाला आणि हसला. याच्या हसण्याला आग लागो.

भीती कसली ते लिहायचं टाळत होते. लिहितेच. पलीकडून ट्रक भरून माणसं कामाला नेतात. बांधकामावर, शेतावर, देव जाणे कुठे. सगळी परत येत नाहीत. अवेत अजून त्या भिंतीमागे आहे की नाही, एवढंच मला कळू दे. मग पुढचं मी बघते.

८ मार्च

आज पुन्हा मॅकरोनी. पाण्यात उकडलेली, मीठसुद्धा नाही. लेतेन आजी म्हणाली, "उपवासाचे दिवस आहेत, पोरींनो. हे लोक आपल्यापेक्षा कडक पाळतात!" सगळ्या हसलो. मीही हसले, मग स्वतःचाच राग आला.

११ मार्च

आमची रिगात बाळंत झाली! भर दुपारी, माझ्या आणि लेतेन आजीच्या हातांवर. वीस वर्षांची पोर, पण ओठ चावून धरले, हूं की चूं केलं नाही. नाळ कापायला ब्लेड होतं, तेही उकळून घेतलेलं — नशीब. मुलगा! काळाभोर, रागीट, मुठी वळलेला.

मग आमच्यात करतात तेच केलं. इलिलता! जीभ नाचवून उंच स्वरात — इलिलिलिलि — मुलगी झाली तर तीनदा, मुलगा झाला तर सातदा. आमच्या केरेन गावच्या बाजारात टोमॅटो विकता विकता लांबच्या गल्लीतली इलिलता मोजायची आणि म्हणायचं, "अमकीला मुलगा झाला." सांगायला कोणाला यावं लागत नाही.

आम्ही सगळ्यांनी मिळून सुरू केलं. रिगातचा नवरा गोइतोम पलीकडेच आहे, त्याला कळायला नको? एक, दोन, तीन, चार, पाच — आणि साबरी रबरी नळी घेऊन आत! पत्रा बडवला, पाठी बडवल्या. लेतेन आजीचीसुद्धा.

तो गेल्यावर आजी पाठ चोळत म्हणाली, "पाच! पाच म्हणजे काय? धड मुलगी नाही, धड मुलगा नाही. दोन राहिले पोराचे. असं अर्धवट ठेवतात का कुठे? अपशकुन मेला."

रिगात रडायला लागली. बाळंतपणात रडली नाही ती. "ताई, त्याचे दोन राहिले ना गं."

म्हटलं, देऊ. व्याजासकट देऊ.

१२ मार्च

आज एक आठवलं. माझ्या बहिणीच्या लग्नात अवेतने इलिलता केली होती. पाच-सहा वर्षांचा होता. सगळ्या बायकांच्या वर त्याचा आवाज! मामेभाऊ चिडवायचे — "अरे, हा बायकांमधला!" आमच्याकडे पुरुष कधी करत नाहीत. आवाज फुटला की बंदच. पण लहान पोरं करतात, आणि हा तर फारच. कोणी मधेच थांबलं की हा धावत येऊन पुरी करायचा. शेंगदाण्याची पुडी अर्धी ठेवली तरी याला झोप येत नाही, असला हावरट पुरेपणाचा.

काल त्याने ऐकलं असेल? ऐकलं असेल तर गप्प बसला नसेल. पण जनरेटर. आणि साबरीचा पत्रा.

१५ मार्च

पाहुणे येणार आहेत! गोरे लोक, मोठ्या संस्थेचे. आज अचानक गाद्या आल्या. पोरांना ज्यूस. संडास धुतला — आम्हीच धुतला म्हणा. साबरीने दाढी केली, तरी थोबाड तेच.

मुदीरने सगळ्यांना उभं करून सांगितलं, "नीट राहायचं. तक्रार नको. मुलं फक्त या गोदामात आहेत, पलीकडे नाहीत. कळलं?"

कळलं. मागच्या वेळी लेतेन आजी पाहुण्यांना म्हणाली होती, "आम्हाला मारतात." दुभाषा मुदीरचाच माणूस. त्याने सांगितलं, "आजी आभार मानते आहे." पाहुण्यांनी आजीचा हात हातात घेऊन दाबला! आणि एक बाई स्वतः इंग्रजीत बोलली, तिला दुसऱ्या दिवशी गाडीत घातलं. परत आली नाही.

म्हणजे बोलायचं नाही. दुभाषा लागणार नाही असं काहीतरी हवं.

मला सुचलं तेव्हा मी पाहुण्यांसाठी आलेले तांदूळ निवडत होते. हातातलं ताट तसंच ठेवून आजीकडे गेले. आजीने ऐकून घेतलं, माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "टिबलेत्स, तू बाजारात टोमॅटो विकण्यात वाया गेलीस."

१६ मार्च

मुदीरकडे गेले. मान खाली, आवाज मधासारखा. "साहेब, पाहुण्यांचं स्वागत आमच्या पद्धतीने करू का? तेवढाच तुमचा मान."

मेला खूश! "करा करा. जोरात करा!"

परवानगीने करणार आता. जोरात!

बायकांना एकच बजावलंय — पाचवर थांबायचं. कोणीही, काहीही झालं तरी, सहावा काढायचा नाही. एकीने विचारलं, "आणि पलीकडून कोणीच नाही काढला तर?" नाही काढला तर अवेत तिथे नाही. दुसरं काय.

१७ मार्च

घडलं तसं लिहिते. वाचणार कोण म्हणा, मीच.

तिघे आले. दोन पुरुष आणि एक बाई, चष्मेवाली, पायांत मळके बूट. बोलणं ऐकू यावं म्हणून जनरेटर बंद केला होता. हेच तर हवं होतं! इतकी शांतता या जागेत मी आजवर ऐकली नव्हती. रिगातच्या बाळाचं चोखणं ऐकू येत होतं.

मुदीरने आम्हाला हात केला. स्वागत!

सुरू केलं. एक. दोन. चष्मेवाली हसली. तीन. चार. पत्रा थरथरला. पाच — आणि बंद. सगळ्या एकदम. ओठ घट्ट मिटून.

मुदीरने टाळ्या वाजवल्या. मला त्याच्या हातांवर पाय द्यावासा वाटला. गप्प रहा रे बाबा, गप्प रहा! टाळ्या थांबल्या. काही नाही. लेतेन आजीने माझं मनगट धरलं. काही नाही. गेला, म्हटलं. ट्रकमधून गेला माझा पोरगा.

आणि मग भिंतीमागून — इलिलिलिलिलि!

बारीक, उंच, एकटा. सहावा. माझा! मी तो आवाज हजारांत ओळखेन. मी तोंडावर चादर दाबून धरली.

सातवा आला तेव्हा तो एकटा नव्हता. किती तरी आवाज होते. काही बारीक, काही चिरके, एक तर मधेच फाटलेला. आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. मी माझ्या एका पोराला हाक मारली होती, आणि आतून इतके जण ओ देत होते!

चष्मेवालीचं हसू गेलं. तिने भिंतीकडे बोट करून काही विचारलं. दुभाषा म्हणाला असेल काहीतरी — बायका, पाखरं, रेडिओ. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहिलं. हात कमरेइतक्या उंचीवर धरला — एवढी मुलं? मी मान हलवली. मग अवेतसाठी हात माझ्या खांद्यापर्यंत नेला आणि दोन्ही हातांची बोटं दाखवली, वर एक. अकरा! बाई, अकरा!

ती चालू लागली. मुदीर आडवा आला. ती वळसा घालून गेली. मळके बूट घालणाऱ्या बायका अशाच असतात, मला बघितल्याबरोबर कळलं होतं. बराच वेळ आरडाओरडा झाला, फोन झाले, किल्ली सापडेना झाली, शेवटी सापडली.

अंगणात पोरं आणून उभी केली. उन्हाने डोळे मिटलेले, डोकी भादरलेली. अवेत शेवटी. हडकला आहे. मी त्याला पोटाशी धरलं तर म्हणतो, "आई, त्या दिवशीही मी दोन पुरे केले होते. तुम्ही ऐकलं नाही का?"

मुदीर घामाघूम. पाहुण्यांसमोर एकदम कायद्याचा माणूस झाला. "ज्यांच्या आया इथे आहेत त्यांना आयांकडे देतो. ज्यांच्या नाहीत ते पुन्हा आत जातील. नियम आहे." दुभाष्याने आमच्या भाषेत, अरबीत, दोन्हीत सांगितलं. अवेतचा हात धरून उभं असलेलं एक छोटं पोर मान खाली घालून आपणहून दाराकडे निघालं.

मी अवेतला सोडलं आणि पुढे झाले.

१८ मार्च

दार अजून बंदच आहे. पण कालपासून मला चार मुलगे आहेत. रिगातला बाळाच्या आधी चौदा वर्षांचा एक झाला आहे, लेतेन आजीला सत्तरीत जुळं. आत परत कोणीच गेलं नाही. माझा धाकटा सुदानचा आहे. त्याला माझी भाषा येत नाही, मला त्याचं नाव नीट म्हणता येत नाही. अवेतच्या चादरीत झोपलाय.

उठला की विचारीन, तुला किती इलिलता मिळाल्या होत्या. कमी पडल्या असतील तर आम्ही आहोत.